दोन एलिनॉर : सासू आणि सून



उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आमची काही मंडळी अक्कोच्या सहलीला गेली होती. क्रूसच्या लढाईवाल्यांनी बांधलेली ती प्रचंड दगडी दालने आणि बंदर पाहून झाल्यावर आम्ही तटाच्या सावलीत डबे सोडले. बोलता बोलता आम्ही सांगितले की, पुढे इंग्लंडची राणी झालेली एक बाई १२७२ साली याच गावात बाळंत झाली आणि तिच्या त्या मुलीला लोक जन्मभर 'अक्कोची जोन' म्हणत. त्यावर आमच्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "राणीच ती! दहा सुइणी असतील हाताशी. तिला काय कमी?" दुसऱ्या बाईंनी विचारले, "आणि आपल्या लोकांशी ती कशी वागली हो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथेच थोडेफार दिले. दुसऱ्याचे उत्तर डबा खाता खाता देण्याजोगे नव्हते. म्हणून हा लेख.

या राणीची हकीकत तिच्या सासूपासून सुरू करावी लागते. दोघींचे नाव एकच, एलिनॉर. घोटाळा नको म्हणून आम्ही एकीला सासू व दुसरीला सून असेच म्हणू.

दक्षिण फ्रान्सात प्रोव्हान्स नावाचे एक छोटे संस्थान होते. तेथील काउंट (आपण जहागीरदार म्हणू) रेमंड बेरेंगार याला चार मुली. मुलगा जगला नाही. चार मुलींच्या बापाची आपल्याकडे लोक कीव करत, पण याच्या चारही मुली राण्या झाल्या. थोरली मार्गारेट १२३४ साली फ्रान्सचा राजा नववा लुई याला दिली. (ज्याच्या राज्यात १२४२ साली पॅरिस शहरात तालमुदच्या प्रती गाड्या भरभरून आणून जाळल्या, तोच हा लुई.) दुसरी एलिनॉर, म्हणजे आमची सासूबाई, इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला दिली. तिसरी सांचिया हेन्रीच्या भावाला दिली, तो पुढे जर्मनीचा राजा निवडला गेला. आणि चौथी बिआट्रिस लुईच्या भावाला दिली, तो पुढे सिसिलीचा राजा झाला. म्हणजे मार्गारेट आणि बिआट्रिस बहिणी-बहिणी असून जावा-जावा, आणि मधल्या दोघींचेही तसेच. एवढा चोख हिशेब आमच्या कोकणातल्या लग्नं जुळवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही जमला नसता.

सासूबाईंचे लग्न १४ जानेवारी १२३६ रोजी कँटरबरी येथे लागले. मुलगी सुमारे बारा वर्षांची, नवरा अठ्ठावीस वर्षांचा. दोघांनी एकमेकांना लग्नापूर्वी पाहिले नव्हते. आणखी एक गोष्ट नवरीला कोणी सांगितली असेल की नाही कोण जाणे. आदल्याच वर्षी हेन्रीने पाँतिअ परगण्याच्या जोन नावाच्या मुलीशी, स्वतः न जाता वकील पाठवून, लग्नाची वचने घेतली-दिली होती. फ्रान्सच्या दरबाराला ती सोयरीक नको होती, तेव्हा हेन्रीने पाठ फिरवली. टाकलेल्या त्या जोनचे लग्न मग स्पेनातील कॅस्टिलचा राजा तिसरा फर्डिनांड याच्याशी झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता लग्नातल्या पैशाकडे वळू, कारण सारी गोम तेथेच आहे. हुंडा म्हणजे बापाने दिलेला पैसा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिकडे दुसरीही एक बाजू होती. नवऱ्याने बायकोच्या नावे जमिनी व गावे लावून द्यायची. तो मेल्यावर त्यांचे उत्पन्न तिने हयातभर खायचे. आपल्या लग्नात कतुबा वाचतात, त्यातही नवऱ्यामागे बायकोला मिळायची रक्कम लिहिलेली असतेच. फरक एवढा की राणीच्या वाट्याला अख्खी गावे येत, आणि गावांबरोबर त्यांत राहणारी माणसेही.

याखेरीज राणीचा एक हक्क होता, त्याला 'राणीचे सोने' म्हणत. राजाची मर्जी किंवा सवलत मिळवण्यासाठी कोणी त्याला रक्कम कबूल केली, तर तिच्यावर शेकडा दहा राणीसाठी वेगळे मोजावे लागत. इंग्लंडमधील यहुदी लोक तर राजाची खासगी मालमत्ताच समजले जात. त्यांना व्यवसायास परवानगी, वारसाहक्क, तुरुंगातून सुटका, प्रत्येक गोष्ट राजाकडून विकत घ्यावी लागे. त्यामुळे राजाचा हात यहुद्याच्या थैलीत गेला की मागोमाग राणीचाही जाई. सासूबाई खर्चिक होत्या. माहेरचे मामे आणि त्यांचे आप्त त्यांनी इंग्लंडात आणून बसवले, त्यांतला एक तर कँटरबरीचा आर्चबिशप झाला. लोक इतके चिडले की १२६३ साली लंडन पुलाखालून त्यांची नाव चालली असता वरून दगड आणि चिखलाचा मारा झाला. पुढच्याच वर्षी राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांच्या माणसांनी लंडनमध्ये शेकडो यहुदी कापले. राजघराण्यावरचा राग असा अर्ध्या वाटेत आपल्या लोकांवर येऊन फुटे.

त्याच काळातील आपल्यातल्या एका बाईची गोष्ट येथे सांगतो. विंचेस्टरची लिकोरिशिया ही विधवा, स्वतः व्याजबट्ट्याचा व्यवहार करणारी कर्ती बाई. ऑक्सफर्डचा श्रीमंत यहुदी डेव्हिड याला तिच्याशी लग्न करायचे होते, पण त्याची पहिली बायको म्युरिएल घरात होती. त्याने तिला सोडचिठ्ठी दिली. म्युरिएल मुकाट बसली नाही. तिच्या बाजूने फ्रान्समधील रब्बींपर्यंत दाद मागितली गेली. तेव्हा १२४२ साली हेन्रीने फर्मान काढले की या कामात कोणत्याही बेत-दिनने डेव्हिडला अडवू नये. म्हणजे पहा, धर्माच्या कोर्टाचा निवाडा ख्रिस्ती राजाने मोडला, आणि तोही धनवान आसामी खूश राहावी म्हणून! लिकोरिशियाचे लग्न झाले, आणि दोनच वर्षांत डेव्हिड वारला. लगेच राजाने त्याची सारी मिळकत मोहोरबंद केली व लिकोरिशियाला लंडनच्या टॉवरमध्ये अटकेत ठेवले. नवऱ्याचा व्यवहार परत हाती यावा म्हणून तिला ५००० मार्क कबूल करावे लागले. (मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड.) त्यातला मोठा भाग हेन्रीने वेस्टमिन्स्टर ॲबीच्या नव्या बांधकामाला आणि तेथील संत एडवर्डच्या समाधीला लावला.

आता सून. तिचा जन्म १२४१ चा. बाप कॅस्टिलचा फर्डिनांड, आणि आई कोण? तीच, हेन्रीने टाकलेली जोन! ज्या मुलीला हेन्रीने नाकारले, तिचीच लेक त्याला सून म्हणून आणावी लागली. कारण साधेच होते. फ्रान्समधील गॅस्कनी हा प्रांत इंग्लंडच्या ताब्यात होता व त्यावर कॅस्टिलचा राजा, म्हणजे मुलीचा सावत्र भाऊ दहावा अल्फोन्सो, हक्क सांगत होता. बहीण दिली, हक्क सोडला, भांडण मिटले. १ नोव्हेंबर १२५४ रोजी बुर्गोसजवळच्या लास वेल्गास मठात एडवर्ड आणि एलिनॉर यांचे लग्न झाले. नवरा पंधरा वर्षांचा, नवरी तेराच्या आसपास. ही १ नोव्हेंबर तारीखही ध्यानात असू द्यावी.

व्यवहाराने जुळलेल्या या लग्नात पुढे मात्र खरी माया उत्पन्न झाली. एडवर्ड बायकोशिवाय प्रवासाला निघत नसे. १२७० साली तो क्रूसच्या लढाईवर निघाला, तेव्हा लहान मुले इंग्लंडात ठेवून तीही बरोबर निघाली. १२७१ च्या मे महिन्यात दोघे अक्कोला उतरली. चारच वर्षांपूर्वी, १२६७ साली, स्पेनमधून हद्दपार होऊन आलेले वृद्ध रामबान याच बंदरात उतरले होते. अक्कोत तेव्हा आपल्या लोकांची चांगली वस्ती होती.

त्याच ऑगस्टमध्ये तिकडे इंग्लंडात तिचा पाच वर्षांचा मुलगा जॉन वारला. येथे पुढल्या वसंतात जोन जन्मली. जूनमध्ये एका मारेकऱ्याने एडवर्डवर सुरा चालवला. एलिनॉरने जखमेला तोंड लावून विष ओढून काढले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून फार गाजली. ती गोष्ट मागाहून रचलेली आहे. दुसऱ्या हकीकतीप्रमाणे वैद्याने सडलेले मांस कापायला घेतले तेव्हा रडणाऱ्या एलिनॉरला हाताला धरून खोलीबाहेर नेले. आम्हांला ही दुसरीच खरी वाटते, आणि ती पहिलीपेक्षा कमी प्रतीची आहे असेही वाटत नाही.

दहा सुइणी असतील म्हणणाऱ्या आमच्या बाईंसाठी आता हिशेब देतो. एलिनॉरला निदान चौदा मुले झाली. मोठी होऊन संसाराला लागण्याइतकी त्यांतली सहा जगली, पाच मुली आणि सगळ्यांत धाकटा एक मुलगा. अक्कोची जोन परतीच्या वाटेवर फ्रान्समध्ये आजीकडे ठेवली, ती सहा वर्षांची होईतो आईबापांकडे आली नाही. मेरी नावाच्या मुलीला सासूबाईंच्या आग्रहाने सहाव्या वर्षी मठात घातले.

पण एका बाबतीत सासू व सून एक झाल्या. १२८२ साली थोरल्या मुलीला, तिचेही नाव एलिनॉरच, आरागॉनच्या राजपुत्राकडे नांदायला पाठवा असा तगादा आला. मुलगी तेरा वर्षांची होती. तेव्हा एडवर्डने कळवले की मुलीची आई व आजी दोघीही, तिचे वय कोवळे असल्याने, तिला एवढ्यात पाठवायला राजी नाहीत. या दोघींची लग्ने बाराव्या-तेराव्या वर्षी झालेली! कोणी लिहून ठेवले नाही, पण त्या एका निरोपात त्यांनी काय भोगले असेल ते दिसते. मुलगी राहिली; राजपुत्र १२९१ साली वारला आणि ती तिकडे कधीच गेली नाही.

आता दुसऱ्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

१२७४ साली सुनेचा राज्याभिषेक झाला, पण सासू विधवा राणी म्हणून आपली गावे धरून होती. एका वेळी दोन राण्या पोसायच्या तर दुसरीसाठी जमीन कोठून आणायची? त्यावर जो मार्ग निघाला तो नीट समजून घ्यावा. यहुद्यांना जमीन धरणे, गिल्डांच्या धंद्यात शिरणे बंद. व्याजाने पैसे देणे एवढेच मोकळे. कर्जाचा रोखा एकाच चामड्यावर प्रतींसकट लिहीत, मधून कापत, आणि एक तुकडा गावातल्या सरकारी पेटीत कुलपाखाली ठेवत. म्हणजे कोणाचे किती येणे आहे हे राजाला घरबसल्या कळे. मग तो यहुद्यांवर जबर कर बसवी. रोख भरता आला नाही की राजा रोखेच उचलून नेई. असे रोखे एडवर्ड राणीला देई. कर्जदार असे एखादा अडलेला सरदार. राणीची माणसे त्याच्याकडे जाऊन म्हणत, कर्ज विसरा, गहाण जमीन द्या. पुष्कळदा तो सरदार आनंदाने देई, आणि राणी त्याला तितकीच जमीन हयातभर वहिवाटायला देऊन आपलासा करी. या व्यवहारात घर बसे ते मूळ सावकाराचे. त्याचे पैसे गेले आणि वर बदनामी राहिली.

अशा रोख्यांतून आणि सरळ खरेदीतून सुनेने मरेपर्यंत जी इस्टेट जमवली, तिचे वार्षिक उत्पन्न अडीच हजार पौंडांवर गेले होते. लोकांत तिच्या जमिनीच्या हावेवर कवने होऊ लागली. आर्चबिशप पेकम याने तिच्या पदरच्या माणसाला पत्र लिहून बजावले की यहुद्यांच्या व्याजातून आलेल्या जमिनी राणी घेते अशी देशभर बोलवा आहे, हे थांबवा. त्या पत्रात दोष कोणावर आहे पहा. राणीने हे धन घेऊ नये, कारण ते यहुद्यांनी पिळून काढलेले आहे! यहुद्याला कोण पिळतो, हे विचारायला आर्चबिशपला सवड नव्हती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हागिन नावाच्या एका लंडनच्या यहुद्यावर राणीची मर्जी होती आणि १२८१ साली इंग्लंडच्या यहुद्यांचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक तिच्याच शब्दावरून झाली. दरबारात आपला एक माणूस असला म्हणजे सगळे ठीक चालले आहे असे समजण्याची चूक आपल्या लोकांनी अनेक देशांत केली आहे.

सासूबाईंनी तर आडवाट धरलीच नाही. १२७५ च्या जानेवारीत त्यांनी मुलाकडून हुकूम मिळवला की त्यांच्या वाट्याच्या गावांत एकही यहुदी राहू नये. केंब्रिजच्या यहुद्यांना नॉरिचला, ग्लॉस्टरच्यांना ब्रिस्टलला, वुस्टरच्यांना हेरफर्डला आणि मार्लबरोच्यांना डिव्हायझेसला धाडले, रोख्यांच्या पेट्यांसकट. लग्नात मिळालेली गावे अशी 'स्वच्छ' झाली. त्याच वर्षी एडवर्डच्या कायद्याने व्याज घेणे बंद झाले, आणि सात वर्षांवरील प्रत्येक यहुद्याने छातीवर पिवळा तुकडा लावावा असे ठरले. १२७८ मध्ये नाणी कातरल्याच्या आरोपावरून सहाशेवर यहुदी टॉवरमध्ये कोंडले, त्यांतले अडीचशेहून अधिक फासावर गेले. १२८७ मध्ये देशभरच्या यहुद्यांना पुन्हा तुरुंगात घातले. लिकोरिशिया तोवर नव्हती. १२७७ साली तिच्या घरात तिचा व मोलकरणीचा खून झाला होता. तिचा मुलगा आशेर मात्र त्या कोंडलेल्यांत होता. विंचेस्टरच्या किल्ल्यातल्या भिंतीवर त्याने हिब्रूत कोरून ठेवले की एमोर पाराशाच्या शब्बाथच्या आदल्या शुक्रवारी या बेटावरच्या सर्व यहुद्यांना पकडले, आणि हे आशेरने लिहिले.

मग १२९० साल आले. ३० एप्रिलला अक्कोच्या जोनचे लग्न थाटात झाले; मुलगी अठरा वर्षांची, नवरा ग्लॉस्टरचा अर्ल तिच्याहून पंचवीस-तीस वर्षांनी मोठा. त्या उन्हाळ्यात एडवर्डला पार्लमेंटकडून मोठा कर हवा होता. तो मिळाला, सुमारे १,१६,००० पौंडांचा, आणि त्याच्या मोबदल्यात यहुदी देशाबाहेर काढायचे ठरले. हुकूम निघाला तो दिवस १८ जुलै, आव महिन्याची नववी, म्हणजे आपल्या आजी-पणज्या ज्याला बिरड्याचा सण म्हणत तो उपासाचा दिवस. मुदत दिली १ नोव्हेंबरपर्यंत. एलिनॉरच्या लग्नाला त्या दिवशी बरोबर छत्तीस वर्षे होत होती. दोन-तीन हजार माणसे समुद्रापार गेली. टेम्सच्या मुखाशी एका नावाड्याने ओहोटीच्या वेळी उतारूंना वाळूच्या पट्टीवर उतरवले, आणि भरती येऊ लागताच आपण तेवढा नावेत चढून म्हणाला की तुमच्या मोझेसला हाक मारा. सारे बुडाले. त्या नावाड्याला शिक्षा झाली एवढे नोंदले आहे.

राणी तेव्हा आजारी होती. २८ नोव्हेंबरला लिंकनजवळ हार्बी गावी तिने प्राण सोडला. एडवर्ड खचून गेला. लिंकनहून लंडनला प्रेत आणताना जेथे जेथे रात्रीचा मुक्काम पडला तेथे त्याने एकेक दगडी क्रूस-स्तंभ उभारला, एकूण बारा. त्यांतले तीन अद्याप उभे आहेत. लंडनमधले चेरिंग क्रॉस हे नाव अशा एका स्तंभावरूनच आले. 'चेरिंग' म्हणजे फ्रेंच भाषेतली 'लाडकी राणी' असे गाईड लोक सांगतात ते मात्र खरे नव्हे. ते नाव राणीहून जुने आहे, त्याचा अर्थ नदीचे वळण एवढाच. मरतेसमयी राणीने नवऱ्याकडे मागणे केले होते की माझ्या कारभाऱ्यांनी लोकांवर अन्याय केले असतील त्यांची चौकशी व्हावी आणि भरपाई द्यावी. १२९१ मध्ये ती चौकशी झालीही. कुळांनी येऊन तक्रारी सांगितल्या. ज्यांचे रोखे होते ते सांगायला येणार कोठून? ते फ्रान्समध्ये किंवा समुद्राच्या तळाशी होते.

सासूबाई १२८६ पासून एम्सबरीच्या मठात जोगीण होऊन राहिल्या होत्या. वस्त्र जोगिणीचे, पण पोपची परवानगी काढून गावांचे उत्पन्न हाती ठेवलेले. १२९१ च्या जूनमध्ये त्या वारल्या. महिन्याभरापूर्वीच अक्को क्रूसवाल्यांच्या हातून गेले होते.

राहिली अक्कोची जोन. तिचा वयस्क नवरा १२९५ साली मेला. बापाने दुसरा मोठा जावई पाहायला घेतला, तोवर हिने १२९७ मध्ये राल्फ दे माँथरमर नावाच्या पदरच्या एका साध्या शिपाईगड्याशी गुपचूप लग्न उरकले. एडवर्डने राल्फला तुरुंगात टाकले. जोन बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मोठ्या अर्लाने गरीब मुलगी केली तर कोणी नाक मुरडत नाही. मग अर्लाच्या विधवेने एखाद्या मर्द तरुणाला वर काढले तर बिघडले कोठे? राजाने अखेर राल्फला सोडले. आजी, आई आणि नात या तिघींत स्वतःच्या पसंतीचा नवरा मिळाला तो हिलाच.

वाचकांपैकी कोणी लंडनला आपल्या मुलाबाळांकडे जात असतील, त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबी जरूर पाहावी. संत एडवर्डच्या समाधीभोवती जुन्या राजांची थडगी आहेत, त्यांतच सुनेचेही आहे; वर सोन्याचा मुलामा दिलेली तिची ब्राँझची मूर्ती निजलेली आहे, केस मोकळे, चेहरा तरुण. शेजारच्या त्या समाधीला लिकोरिशियाच्या हातून गेलेला पैसा लागला आहे, हे मात्र स्वतः आठवावे लागेल. लिकोरिशियाला पाहायचे तर आगगाडीने विंचेस्टरला जावे. तेथे २०२२ साली भर रस्त्यात तिचा पुतळा बसवला आहे. लहानगा आशेर तिच्या हाताला धरून चालला आहे.